पुढच्या मजल्याचे गज

आमचा मुलगा सकाळी मोटारसायकलवर एमआयडीसीत कामाला गेला. वाटेत ट्रकनं धडक दिली. दुपारी निरोप आला. संध्याकाळी मी त्याला अग्नी दिला.

त्यानंतरचं सांगायचं तर मला छतापासून सुरुवात करावी लागते. दुसऱ्या कशापासून सुरुवात करून पाहिली, जमलं नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही नव्या जालन्यात घर बांधलं. मी शाळेत मराठी शिकवायचो. ऐपत एका मजल्याची होती, म्हणून मिस्त्रीनं स्लॅब टाकून वर चारही कोपऱ्यांना कॉलमचे गज पुरुषभर उंच उभे सोडले. आमच्याकडं सगळेच असं करतात. ज्याला मुलगा आहे त्याच्या छतावर गज असतातच. पुढं मुलाचं लग्न होतं, वर मजला चढतो, तेव्हा त्या गजांना जोड द्यायचा. तोवर त्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधतात. गंजू नयेत म्हणून उन्हाळ्यात आम्ही बापलेक त्यांना सिमेंटचं पाणी लावायचो. तो लावायचा, मी बादली धरायचो. मोठा झाल्यावर तो म्हणायचा, "दादा, नुसतं पाणीच पाजवायचं का ह्यांला? मजला कवा चढवायचा?" मी म्हणायचो, "तू बायको आण, मी मजला चढवतो."

तो गेला त्या वर्षी पावसाळ्यात छत ठिकठिकाणी पाझरायला लागलं. पुढच्या उन्हाळ्यात मी छतावर फवारणी करून घ्यायचं ठरवलं. हे काम तेव्हा जालन्यात नवीन होतं. जुन्या जालन्यातला एक माणूस लोखंडी कपाटांना मशीननं रंग मारायचा. तो आता छतांवरही रबरासारखा पांढरा थर फवारून देऊ लागला होता. तो भाड्याच्या टेम्पोत कॉम्प्रेसर घालून आला. बोलका माणूस होता.

"सर, हे छताचं काम न्हाई. घराला रेनकोट घालून देतो तुमच्या."

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "आमच्या गावाकडं कपाशीवर मारतेत. तुम्ही घरावरच औषध मारून राह्यले."

"वहिनी, कपाशीची अळी परवडली. छतातलं पाणी लई बदमाश राहते."

ती हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली होती, म्हणून लक्षात राहिलं.

त्यानं छत तारेच्या ब्रशनं घासलं, धुतलं, भेगा बुजवल्या. छत वाळल्यावर मशीन सुरू करायच्या आधी तो कोपऱ्यातल्या गजांपाशी जाऊन उभा राहिला.

"पुऱ्या छताची ग्यारंटी देतो, सर. ह्या गजांपाशी देत न्हाई. उन्हात लोखंड फुगतं, थंडीत आकसतं, मंग बुडाशी फट पडती. मजला कवा काढून राह्यले? जल्दी काढणार असाल तर राहू द्या, न्हाई तर कापून टाकू बराबर."

मुलाचं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी खाली गल्लीकडं पाहत राहिलो.

"मजला काढू," बायको म्हणाली. "सध्या राहू द्या."

त्यानं गजांच्या बुडाशी जाड थर दिला आणि एकदा उभं, एकदा आडवं असं सगळं छत फवारलं. छत इतकं पांढरं झालं की दुपारी वर डोळे उघडवत नव्हते. त्या पांढऱ्यात गज आधीपेक्षा जास्त दिसायला लागले.

पावसाळा आला. स्वयंपाकघर कोरडं, बैठक कोरडी. मुलाची खोली मात्र आधीपेक्षा जास्त गळायला लागली. तिचं छत मागच्या कोपऱ्यातल्या गजांखाली येतं. मी वर जाऊन पाहिलं. गजांच्या बुडाशी थर फुगला होता. बोटानं दाबला की आत पाणी हलायचं. पूर्वी मुरलेलं पाणी उन्हानं वरच्या वर सुकून जायचं. आता वरून बंद झालं होतं, त्यामुळं गजापाशी शिरलेलं सगळं पाणी त्या एका खोलीत उतरत होतं. भिंतीवर गंजाचे तांबडे ओघळ आले.

त्या खोलीत भिंतीतलं कपाट होतं. त्यात त्याची शेतकी कॉलेजची पुस्तकं, मी आणून दिलेल्या आणि त्यानं न वाचलेल्या कादंबऱ्या, आणि त्याचे शर्ट. पुस्तकं फुगली, ती मी पंख्याखाली पसरली. शर्टांना कुबट वास यायला लागला. बायको ते खुर्च्यांच्या पाठींवर टाकून ठेवायची. धुवायला मात्र तयार नव्हती. धुतले असते तर कुबट वास गेला असता, आणि त्याच्यासोबत दुसराही.

काय करायला हवं ते आम्हा दोघांनाही कळत होतं. गज ठेवले तर खोली जाणार होती. खोली ठेवायची तर गज कापावे लागणार होते, आणि गज कापलेलं छत सगळ्या गल्लीला दिसतं. ती बादल्या बदलायची, मी पुस्तकांची पानं उलटायचो.

श्रावणात उघडीप पडली तेव्हा मी त्या माणसाला बोलावून घेतलं. तोवर त्याला कुठूनतरी मुलाचं कळलं होतं. आल्यावर त्यानं गंमत केली नाही. लोखंड कापायची मशीन त्याच्या पिशवीत होती, पण ती त्यानं बाहेर काढली नाही.

"सर, मला ठाऊक नव्हतं. मी त्या दिवशी मजल्याचं इचारलं..."

"असू द्या."

"कापडी पट्टी गुंडाळून पुन्हा मारतो. एवढा पावसाळा निघून जाईल."

बायको जिन्यावरून वर आली होती. "अन् पुढच्या पावसाळ्यात?"

"पुढच्या पावसाळ्यात पुन्हा यीन, वहिनी."

"अन् त्याच्या पुढच्या?"

ती माझ्याकडं वळली. "अहो, तुम्ही सांगा ना त्यांला."

आयुष्यभर मी मुलांना निबंध लिहायला शिकवलं. तेव्हा मी खाली वाकून गजाच्या बुडाचा फुगलेला थर बोटानं दाबत राहिलो.

मग गजांना बांधलेली दोरी तिनं स्वतः सोडली आणि हाताला गुंडाळली.

"कापा," ती म्हणाली. "त्याला आता वर न्हाई जायचं. खालची खोली तरी कोरडी राहू द्या."

चारही कोपरे कापून होईपर्यंत ती तिथंच उभी होती. ठिणग्या उडत होत्या, तिला मागं सरका म्हणायची त्या माणसाची हिंमत झाली नाही. त्यानं बुंधे स्लॅबच्या पातळीच्या जरा खालपर्यंत खोदून कापले, सिमेंटचा मसाला भरला, वर प्लॅस्टिक अंथरलं आणि दसऱ्यानंतर येऊन पुन्हा फवारणी केली. कापलेले गज तो टेम्पोत घालून घेऊन गेला. भंगार एमआयडीसीतल्या भट्ट्यांत जातं आणि पुन्हा गज होऊन बाहेर येतं. ते कुणाच्या तरी छतावर उभे असतील.

फवारलेला थर कायमचा टिकत नाही. काही वर्षांनी उन्हाळ्यात तो पुन्हा मारून घ्यावा लागतो, आणि मी मारून घेतो. छत गळत नाही. घराला एकच मजला आहे. त्यात आम्ही दोघं राहतो.