टोन काढलेला सेट

"दिवा लागलाय, पर आपला न्हाय," असं म्हणून अण्णा पुन्हा चहात पाव बुडवायचे.

निपाणीत माझ्या चष्म्याच्या दुकानाला लागूनच त्यांचं वॉकीटॉकी दुरुस्तीचं दुकान होतं. साखर कारखान्याचे, जत्रेतल्या स्वयंसेवकांचे, कुणाकुणाचे सेट तिथं यायचे. टेबलावर अण्णांचा स्वतःचा सेट कायम चालू. त्याचा हिरवा दिवा उठसूट पेटायचा, पण आवाज यायचा नाही. मला मोठं नवल वाटायचं.

"त्यात नवल काय रं?" ते म्हणायचे. "बोलण्याखाली एक सूर जातोय. आपल्या कानाला कळत न्हाय, सेटातल्या चिपला कळतोय. आपला टोन वळखला की ती स्पीकर उघडती, न्हायतर गप बसती. परक्याला दार उघडू नगंस म्हणून सांगून ठेवलंय तिला."

चिपमध्ये हा टोन भरायचा तो संगणकावरून, आणि संगणकाशी अण्णांचं कधी पटलं नाही. "ऐक की गं बये!" ही त्यांची विनवणी माझ्या गिऱ्हाइकांनाही पाठ झाली होती.

त्यांच्या सेटचा जोडीदार मागच्या गल्लीत, घरी त्यांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या उशाशी असायचा. लकव्यात वहिनींची वाचा गेली, उजवा हातही गेला. मोबाइलच्या काचेवरून डावा अंगठा घसरायचा; सेटचं बटण मात्र दाबता यायचं. बोलणं नसायचंच. नुसता तो सूर यायचा, अण्णांचा स्पीकर उघडून सूंऽऽ करायचा आणि "आलो गं" म्हणत अण्णा चपला शोधायचे. पाणी हवं असेल, कूस बदलायची असेल, कधी नुसतीच आठवण आली असेल.

एकदा एकानं विचारलं, "अण्णा, म्हणाल्या तरी काय?"

"तुला काय करायचंय?" अण्णा चक्क लाजले.

मग समोर मंगल कार्यालय झालं. तिथल्या पहारेकऱ्यांच्या सेटांना नेमका अण्णांचाच टोन निघाला. "खुर्च्या पाठवा, जिलेबी संपली!" दर वेळी अण्णा दचकून उठायचे. वैतागून एका सकाळी त्यांनी आपल्या सेटचा टोन बदलला. आता घरी जाऊन वहिनींच्या सेटचाही बदलायचा, म्हणून उठले, तेवढ्यात बोरगावचं गिऱ्हाईक पेटीभर सेट घेऊन आलं. अण्णा कामात बुडाले आणि विसरले. दिवा पेटत होता, विझत होता. त्यांनी मान वर केली आणि सवयीनं म्हणाले, "आपला न्हाय."

जेवायला घरी गेले, तेव्हा वहिनी गेल्या होत्या. सेट डाव्या हातात होता.

डॉक्टरांनी समजावलं, वेळेत आला असता तरी हे टळणारं नव्हतं. अण्णा म्हणाले, "वाचली नसती, ठावं हाय. पर एकटी गेली नसती."

अण्णांचा तो आवाज आठवला की मला आजही रडू येतं.

दिवसकार्य उरकून त्यांनी दुकान उघडलं आणि आधी आपल्या सेटचा टोनच काढून टाकला. आता कुणीही बोललं की स्पीकर उघडायचा. कार्यालयातला गोंगाट, खरखर, शिव्यासुद्धा. मी म्हटलं, "अण्णा, जरा बंद करा की."

"असू दे. कुनाचं राहून जाया नको."

पुढं तेही गेले. त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात. मला मात्र त्यांची एक दुपार विसरता येत नाही. स्पीकरवर कुणी पहारेकरी विचारत होता, "कोन हाय का? कोन ऐकतंय का?" अण्णांनी बटण दाबलं. टोन नसलेल्या सेटवरून त्या पोराला काही ऐकू जाणार नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी सेट तोंडाजवळ धरून ते म्हणाले, "बोल. मी ऐकतोय, बोल."