पट्टीची काळी कड

अर्ध्या चादरी पिळून झाल्या होत्या, अर्ध्या बादलीतच होत्या, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून भावोजींची हाक आली. थोरल्या दिरांची हाक सहसा चहासाठी असते. आजची तशी नव्हती. ओल्या हातांनीच वर गेले.

भावोजींचं आयुष्य नकाशांच्या कचेरीत रेघा काढण्यात गेलं. हौस एकच. पानं पिवळी पडायला लागली की पेटीएवढा लाकडी कॅमेरा पाठीवर घेऊन डोंगर गाठायचा आणि काळं कापड डोक्यावर ओढून काचेवरचा उलटा डोंगर बघत उभं राहायचं. आमचे हे म्हणतात, दादाने दगडाशीच संसार थाटलाय. पण जाऊबाई होत्या तोवर त्याही बरोबर जायच्या. वाऱ्यात छत्री धरायच्या आणि पट्टीवर लक्ष ठेवायच्या. फिल्मच्या चपट्या डब्याच्या दोन्ही अंगांना एकेक फिल्म असते, तिच्यावर सरकती पट्टी. पांढरी कड बाहेर म्हणजे फिल्म कोरी. फोटो झाला की पट्टी उलटी करून काळी कड बाहेर ठेवायची. भावोजी दर वेळी विचारायचे, "काळी ना?" जाऊबाई बघून "हो" म्हणायच्या.

त्या गेल्याला दोन वर्षं झाली. त्यांचा लाडका पलीकडचा उतार पिवळा असताना एकदा नीट मिळावा, एवढंच भावोजींचं मागणं. एका वर्षी धुकं आडवं आलं, एका वर्षी गुडघा. या मापाची फिल्म आता बनत नाही. शेवटच्या दोनच उरल्या होत्या. परवा त्या घेऊन डोंगरावर जाऊन आले.

न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावून त्यांनी पहिली फिल्म धुतली होती. मी बघितली. सकाळचा कडा आणि दुपारचा उतार एकमेकांवर चढलेले, कुठला दगड कुणाचा ते कळेना.

"एकीवरच दोन घेतले," ते म्हणाले. "दुसरी कोरीच असणार. ती धुतली नाही, डब्यात तशीच आहे."

मी विचारलं, असं कसं झालं? ते फिल्मचा चिमटा पुसायला लागले.

"सवयीने विचारलं, काळी ना. थोडा थांबलो. मग पट्टी न बघताच कॅमेरा उचलला."

म्हटलं, मी येते, पट्टी बघायला तरी. माझी पोथी एक दिवस राहिली तर देव काही रागवायचा नाही. त्यांनी मान हलवली.

"नको गं. तू असलीस की मी तुला विचारीन, तिला नाही."

पानं फार तर चार दिवस टिकतील. खाली आल्यावर देवासमोर हात जोडले. तेवढे दिवस वारा आवरून धर, एवढंच मागितलं. उरलेल्या चादरी पिळत असताना जिन्यावर पावलं वाजली. भावोजी कोट घालून उतरले, जेवायला वाट बघू नका म्हणाले आणि उद्या पहाटेच्या बसचं तिकीट काढायला स्टँडवर गेले.