गुप्तेबाईंच्या नावावर

गुप्ते मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहाडच्या माझ्या दवाखान्यात पेशंट तपासत होतो. फोनवर त्यांचे यजमान होते. "झोपेतच गेली रे... त्रास झाला नाही." डोळे भरून आले, पण कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. फार दिवस अंथरुणावर होत्या. त्याला आता महिना होईल.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी मेडिकलला दुसऱ्या वर्षाला होतो. वडील मुरबाडला शिंपीकाम करायचे; घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मीच पहिला. मराठी शाळेतून आलेलो. तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही इंग्रजीत तोंड उघडेना. मग झोप गेली, जेवण गेलं, छातीत धडधड सुरू झाली. पॅथॉलॉजीचं पुस्तक समोर होतंच. त्यातली लक्षणं ताडून पाहिली आणि आपल्या हृदयाची झडप बिघडली आहे, असं ठरवूनच टाकलं. कॉलेज सोडून घरी जायचं, एवढंच उरलं होतं. तेच सांगायला मॅडमकडे गेलो; पॅथॉलॉजी त्याच शिकवायच्या.

त्यांनी स्टेथोस्कोप लावला, नीट ऐकलं आणि हसल्या. "दर बॅचला एक तरी झडपवाला निघतोच!" मग म्हणाल्या, "आजार आहे रे, नाही म्हणत नाही मी. पण जागा चुकली तुझी."

डोंबिवलीत त्यांच्या घराजवळ एक मानसोपचारतज्ज्ञ बसायचे. लोक सरळ 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणत. तिथला कंपाउंडर बाकावरच्या माणसांना नाव घेऊन पुकारायचा. गावाकडचं कुणी भेटलं तर? घरी बहिणीचं लग्न जमत होतं... मॅडम मला तिथे घेऊन गेल्या, पण मी पायरीवरच अडलो. मॅडम आत गेल्या आणि स्वतःचं नाव लावून आल्या. "गुप्तेबाई!" अशी हाक आली की त्या उठायच्या, मी भाचा असल्यासारखा मागोमाग. मला डॉक्टरांसमोर बसवून त्या आतल्या खोलीत पेपर वाचत बसायच्या.

"मॅडम, लोक तुम्हालाच नावं ठेवतील."

"ठेवू देत. माझं लग्न झालंय, नोकरी पक्की आहे. तुझं सगळं व्हायचंय अजून."

गोळ्या आणि बोलणं, दोन्ही बरेच महिने चाललं. एक दिवस खानावळीत मी आणखी पोळी मागितली, तर रूममेट ओरडला, "अरे, तू मरणार होतास ना?" मीही हसलो. झोप परत आली, पुढे पासही झालो. माझ्यानंतरही, अगदी निवृत्त झाल्यावरही, मॅडम कुणाकुणाला घेऊन तिथे जात राहिल्या.

तेराव्याला त्यांच्या घरी गेलो. शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेतलं. "बाई सोन्यासारखी हो. पण डोक्याची ट्रीटमेंट चालू होती वर्षानुवर्षं. आम्ही कधी बोलून दाखवलं नाही."

"त्यांची नव्हे, काकू. माझी," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच. खोलीतली माणसं वळून बघायला लागली... आणि मला काहीच वाटलं नाही.

मॅडमच्या फोटोजवळ सतरंजीवर एक तरुण डॉक्टर मुलगी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, हलकंसं हसली आणि सरकून मला शेजारी जागा करून दिली.