वॉर्डात न दिलेलं उत्तर

नौदल तळावरच्या आमच्या लष्करी रुग्णालयाचा इतिहास छापायचं ठरलं, म्हणून निवृत्त लोकांकडून आठवणी मागवल्या. दोनच पानं, जास्त नको, असा मोबाइलवर निरोप आला. मी तिथं मेडिकल असिस्टंट होतो. डॉक्टर नव्हे. फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यात मात्र अजून डॉक्टरच म्हणतात, आणि नाही म्हणून सांगायचा मला आता कंटाळा आलाय.

लिहायला बसलो. आधी रुग्णालय जुन्या बराकींत होतं. पत्र्याखाली दोन वॉर्ड आणि समुद्राकडचा व्हरांडा. खाऱ्या वाऱ्यानं पलंगाच्या पायांपासून दाराच्या कड्यांपर्यंत सगळं गंजायचं आणि आम्ही घासत बसायचो. मोठ्या साहेबांचा राऊंड असला की रोग्यानंसुद्धा हात बाजूला ठेवून सरळ पडायचं, मग ताप कितीही असो. पुढं ऑपरेशनची नवी खोली आली, एक्स-रेचं यंत्र आलं, शेवटी बराकी पाडून चांगली बहुमजली इमारत उभी राहिली.

बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "हे तं इमारतीचं झालं. तुमी काय केलं तिथं?"

मी तिच्यावर खेकसलो आणि तडक शेतात निघून गेलो. खरं तर चूक तिची नव्हती. एक गोष्ट मी मुद्दाम गाळली होती.

बराकींच्या काळात एका दुपारी जहाजावरचा एक तरुण खलाशी आणला. लोखंडी झाकण पडून त्याचा पाय चिरडला होता. गुडघ्याखाली कापावा लागला. भूल उतरताना तो बडबडू लागला, तेव्हा सर्जननं विचारलं, ही कुठली भाषा, कोणाला येते का. मला येत होती. ती गोरबोली, आम्हा बंजाऱ्यांच्या घरातली. तो "याडी, याडी" म्हणून आईला हाका मारत होता आणि पायाला काय झालं ते विचारत होता.

मी गप्प बसलो. कारण सांगायची लाज वाटते. त्याआधी आमच्या राहत्या खोलीतून कोणाचं तरी घड्याळ गेलं होतं, आणि एक जण हसत म्हणाला होता, आधी कोणी लमाणी आहे का बघा. सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून मला फक्त मराठी आणि हिंदीच येत होती.

सर्जननं त्याला हिंदीत सांगितलं. गुंगीत त्याला काही उमगलं नाही. तो विचारतच राहिला आणि मी त्याच्या उशाशी सलाईनची बाटली धरून उभा होतो. पुढं तो घरी निघाला तेव्हा त्याला गाडीत मीच बसवलं, तेही हिंदीत बोलून.

निवृत्त होऊन आलो तर कळलं, तो आमच्याच भागातल्या एका तांड्यावर शेती करतो. बाजारात त्याची चाल दिसली की मी दुसऱ्या गल्लीत शिरायचो. कित्येक वर्षं मी हेच केलं.

आता हे लिहायचं तर त्याला विचारल्याशिवाय नको, म्हणून कागद घेऊन त्याच्या शेतावर गेलो. कृत्रिम पाय शेजारी काढून ठेवून तो बांधावर बसला होता. बाजारात बोलतो तशा वऱ्हाडीतच मी माझी ओळख दिली, मान खाली घालून सगळं सांगितलं, आणि तो नाही म्हणाला तर कागद फाडून टाकीन म्हणालो.

त्यानं मला बांधावर शेजारी बसायला खुणावलं.

"मी याडी म्हनलं तवा साऱ्या वॉर्डात तुमीच दचकून माह्याकडे पाह्यलं होतं, भाऊ. हा आपला मानूस हाय, हे मले तवाच समजलं. काहून बोलून नाही राह्यला, तेवढं नव्हतं समजलं."

मी माफी मागू लागलो. त्यानं हात वर करून थांबवलं.

"माफी राहू द्या. लिहाचं तं लिहा. मी तवा विचारून राह्यलो होतो, ते आता सांगा. आपल्या बोलीत."

मग मी गोरबोलीत सांगितलं. पाय पार चिरडला होता, डॉक्टरांनी खूप खटपट केली, पण वाचला नाही. गुडघ्याखाली कापला. तू मात्र जगशील, घरी जाशील, तुझ्या आईला भेटशील. पहिल्यांदाच कळत असल्यासारखा तो ऐकत होता. माझं बोलून झाल्यावर तो गुडघ्यावर हात ठेवून रडू लागला, आणि या वेळी मी त्याच्याशी बोलत राहिलो.