एक नंबरचा पट्टा

या सदरातले गूढ अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर त्यात लूज कनेक्शन कुठे असेल ते शोधायला. परभणीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. आमच्या दाराला लिंबू-मिरची नाही आणि मांजर आडवं गेलं तर मी हॉर्न वाजवते. त्यामुळे पुढचं वाचून ‘बाईंचा आधीपासूनच विश्वास असणार’ असं कोणी म्हणू नये.

हा अनुभव माझ्या एम.टेक.च्या विद्यार्थिनीच्या प्रोजेक्टचा आहे. ज्योती तिचं नाव. पेडगावच्या बाजूला तिच्या घरची मेंढरं आहेत. मेंढीच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला डबी, डबीत जीपीएस आणि सिग्नल पाठवणारा लहानसा रेडिओ — मोबाईलची रेंज नसली तरी कळप कुठे चरतोय ते मेंढवाड्यावर ठेवलेल्या लॅपटॉपच्या नकाशावर दिसायला हवं, असा तिचा विषय. मी गाईड. विषय ऐकला तेव्हा मला तो सोपा वाटला होता. लॅबमध्ये तो सोपाच होता... पण मेंढ्या लॅबमध्ये राहत नाहीत. त्यांनी पहिल्या सगळ्या डब्या बाभळीला घासून फोडल्या. ज्योतीने कुरकुर न करता प्लास्टिकच्या पाइपाच्या तुकड्यांतून नव्या डब्या केल्या, प्रत्येक सर्किट स्वतः सोल्डर केलं, उन्हात बांधाबांधाने फिरून रेंज मोजली. इतक्या वर्षांत अशी चिवट पोर मी पाहिली नाही, हे इथेच लिहून टाकते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. प्रत्येक पट्ट्याला नंबर होता आणि तो नंबर त्या रेडिओतच भरलेला होता. एक नंबर चांदीच्या गळ्यात होता. चांदी म्हणजे कळपाच्या पुढे चालणारी म्हातारी मेंढी. ती पावसाळ्यात आजारी पडून मेली. ज्योतीने तिचा पट्टा काढला, आतलं सर्किट सेल काढून माझ्याकडे दिलं. “स्पेअर राहू द्या, मॅडम.” मी ते लॅबच्या लोखंडी कपाटात ठेवलं. किल्ली माझ्याच पर्समध्ये असते.

ज्योतीच्या रजिस्ट्रेशनला एकदा मुदतवाढ मिळून गेली होती. दिवाळीच्या आत बाहेरच्या परीक्षकांसमोर प्रात्यक्षिक झालं नाही तर एम.टेक. रद्द. परीक्षक लांबचे, त्यांना दसरा उलटल्यावरचा एकच दिवस जमत होता, आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं. ज्योती दसऱ्यालाही घरी गेली नाही, हॉस्टेलवर रिपोर्ट पुरा करत बसली. ठरल्याप्रमाणे तिच्या वडिलांनी सकाळी मेंढ्यांना पट्टे बांधले, बटणं दाबली आणि कळप घेऊन गायरानात गेले. परीक्षक, ज्योती आणि मी मेंढवाड्यावर पोचलो तेव्हा कळप टेकाडापलीकडे दिसेनासा झाला होता.

ज्योतीने लॅपटॉप उघडला. नकाशा आला. नकाशावर एकही ठिपका नाही.

तिने अँटेना तपासला, केबल काढून पुन्हा लावली. परीक्षक घड्याळ बघत नव्हते, पण बघितल्यासारखेच बसले होते. मग ज्योती चहा आणणाऱ्या आईकडे वळली.

“आई, पट्ट्याला कुणी हात लावला होता का?”

“मी लावला की. खंडेनवमी व्हती. कोयते, कुऱ्हाडी, समदं पुजलं, तर तुजीच अवजारं ठेवू का तशीच? धुतली, हळद-कुंकू लावलं.”

“वरून ना?”

“वरून कशी? झाकणं काढून आतून बी धुतली. लय घाण बसली व्हती.”

मी कपाळाला हात लावला. ज्योती मात्र आईवर चढली नाही. एवढंच म्हणाली, “बरं. घरात स्पिरिट हाय का बघ.”

तेवढ्यात परीक्षक म्हणाले, “अहो, आला की एक.”

नकाशावर टेकाडाच्या मागे एक ठिपका आला होता. त्याच्यावर आकडा — एक. ठिपका सावकाश कालव्याकडे सरकत होता, चरणारी मेंढी सरकते तसाच. रीडिंग स्वच्छ, सिग्नल जोरदार.

परीक्षक खुश झाले. “बाकीचे पाण्याने गेले असतील, समजू शकतो. एक चालतोय ना, तत्त्व सिद्ध झालं. आणा इकडे, सही करून टाकतो.” पेन त्यांनी काढलंसुद्धा. मी त्यांना थांबवायचं सोडून पर्स चाचपली. कपाटाची किल्ली आतच होती.

ज्योती म्हणाली, “सर, एक नंबर आज कोणत्याच मेंढीच्या गळ्यात नाही. ती मेंढी मेली. सर्किट कॉलेजात आहे, सेल नाही त्याच्यात. हा ठिपका माझा नाही.”

“मग कोणाचा?”

“ते मला सांगता येईना. पण ह्याच्यावर सही नको, सर.”

आई दारातून म्हणाली, “चांदीच हाय ती. मशीनला बी वळखू आली, तुमालाच येईना.”

“आई, तू स्पिरिट बघ,” ज्योती म्हणाली.

परीक्षकांनी पेन मिटलं. “माझी गाडी आहे,” एवढंच बोलले. ज्योती म्हणाली, “तुमच्या गाडीच्या वेळेआधी करते, सर,” आणि कळप परत आणायला टेकाडाकडे निघाली. परीक्षक आणि मी लॅपटॉपसमोर बसलो. काही वेळाने कालव्याच्या अलीकडे ठिपका थांबला, मग उलटा वळून मेंढवाड्याकडे यायला लागला. टेकाडावर पहिल्या मेंढ्या दिसल्या तेव्हा ठिपका नेमका तिथेच होता — कळपाच्या सर्वांत पुढे. मी स्वतः उठून गेले आणि पुढच्या मेंढ्यांचे गळे हाताने चाचपून पाहिले. एक नंबरचा पट्टा कुठेही नव्हता.

नंतरचं काम मात्र पूर्णपणे माणसाचं. ज्योतीने खाली बसून एकेक डबी उघडली. आत ओली हळद, कुंकवाचा चिखल. जुन्या ब्रशने, स्पिरिटने ती सर्किटं साफ करत राहिली. वडील मेंढ्या धरत होते, आई ताटात सर्किटं उन्हात ठेवत होती. तोंडाने म्हणत होती, “एवढं नाजूक असतंय तर आधी सांगायचं की.” ज्योती हसून म्हणाली, “चुकलं माझं. पुढच्या नवमीला तुझ्या मिक्सरलाच धुऊ आतून.” परीक्षकही हसले.

पहिलं साफ झालेलं सर्किट सुरू झालं, नकाशावर त्याचा ठिपका आला, आणि त्याच क्षणी एक नंबर नाहीसा झाला. त्यानंतर तो आजतागायत आलेला नाही. बाकीचे पट्टे एकामागून एक जागे झाले. वडिलांनी कळप पुन्हा टेकाडापलीकडे नेला, ठिपके त्याच्यासोबत गेले. परीक्षकांनी खोदून खोदून प्रश्न विचारले, तिने उभ्यानेच उत्तरं दिली. त्यांनी सही केली. गाडीही मिळाली त्यांना.

परत आल्यावर मी आधी कपाट उघडलं. सर्किट ठेवलं तिथेच, सेलशिवाय. मग मी जे तपासायचं ते सगळं तपासलं. दुसऱ्या कोणत्या पट्ट्यात चुकून तोच नंबर भरला गेला का? नाही. जुनं रीडिंग लॅपटॉपने पुन्हा दाखवलं का? त्या दिवशीची वेळ आणि त्या दिवशीची वाट जुन्या कोणत्याच रीडिंगशी जुळत नाही. आसपास दुसरा कोणाचा असा रेडिओ? त्या गायरानात? सहकाऱ्यांना विचारलं, त्यांनी मी तपासून घेतलेल्या गोष्टीच मला पुन्हा सांगितल्या. कोणा वाचकाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी करून बघेन.

ज्योतीच्या अंतिम रिपोर्टमध्ये एक नंबरची त्या दिवशीची वाट नाही. बाकी सगळं आहे, हळदीने बंद पडलेली सर्किटंसुद्धा, फोटोसकट. मी तिला विचारलं, निदान परिशिष्टात तरी टाकायची होतीस, इतकी सुंदर रेषा होती ती.

ती म्हणाली, “जे मी केलं नाही ते माझ्या रिपोर्टमध्ये कसं टाकू, मॅडम? तुमीच शिकवलंय की.”

मी असं कधी शिकवल्याचं मला आठवत नाही.