पाच बीच वृक्ष आणि माझी सही

त्या प्रकरणाचा राग निवृत्तीनंतरही उतरलेला नाही.

न्यू जर्सीतल्या आमच्या गावात इटालियन धाटणीचं एक जुनं दगडी घर आहे. उंच कमानदार खिडक्या, मधोमध चौकोनी मनोरा, पुढे उतरत जाणारी बाग. बागेतले सात बीच वृक्ष घराइतकेच जुने. एका उन्हाळ्यात त्यांची पानं अवेळी करपली. बुंध्यांना भोकं सापडली. आत तणनाशक ओतून वर मेण लावलेलं.

घर सांभाळणाऱ्या ट्रस्टच्या अध्यक्षांनी तक्रार देतानाच माळ्याचं नाव घेतलं. मी तेव्हा डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. तणनाशकाच्या खोलीची किल्ली माळ्याकडे असायची, म्हणून मीही त्यालाच धरलं. साठीचा माणूस. चार तास उलटसुलट विचारलं. तो एवढंच म्हणत राहिला, "ऑफिसर, ही झाडं मी वीस वर्षं जपलीत. मी कशाला मारू?"

अध्यक्षांनी त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं, आवारातली राहती खोलीही सोडायला लावली.

पुढच्या आठवड्यात एक काकू ठाण्यात आल्या. पुण्याहून मुलाकडे आलेल्या, रोज सकाळी त्या बागेत फिरायला जाणाऱ्या. माझ्या टेबलावरची नावाची पाटी वाचून म्हणाल्या, "मराठी आहेस ना? मग ऐक. त्या ट्रस्टच्या साहेबाला मी झाडाला ड्रिल मारताना पाहिलंय. बहिणीला पाठवायला घराचा फोटो काढत होते, त्यात आलाय बघ."

फोटोत अध्यक्ष बुंध्याशी गुडघे टेकून बसले होते, हातात ड्रिल. तारीख माळ्याच्या चौकशीच्या दहा दिवस आधीची.

"काकू, आधी का नाही सांगितलंत?"

"दोनदा फोन केला रे! तुमच्या माणसाने माझं इंग्लिश ऐकून कट केला."

मी फोनच्या नोंदी काढल्या. दोन्ही होत्या: 'वृद्ध महिला. बोलणं समजत नाही. कारवाई नाही.' खाली, तपासल्याची सही माझी.

अध्यक्षांपुढे फोटो ठेवला. गप्प राहा म्हणून वकिलाने त्यांचा दंड दाबला, तरी ते बोललेच, "लग्नाच्या तंबूंना जागा हवी होती. जिवंत झाडं तोडायची परवानगी मिळेना. शेवटी झाडंच ना ती?"

टेबल उलथवावंसं वाटलं. कोर्टात गुन्हा कबूल करून ते प्रोबेशनवर सुटले. सातपैकी पाच झाडं गेली.

माळी आता मुलीच्या घरी राहत होता, तिथे मी माफी मागायला गेलो. जाळीच्या दाराआडूनच तो म्हणाला, "चार तासांत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, झाडं वाचतील का म्हणून." आणि आत निघून गेला.

बोलणं समजत नसेल तर दुभाषा जोडल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, असा नियम मी ठाण्यात करून घेतला. पण नियमाने माझं समाधान झालं नाही. सफाईदार इंग्रजीत तक्रार करणाऱ्यावर मी आधी विश्वास ठेवला, हे खरं. माझ्या आईचं इंग्रजीही काकूंसारखंच होतं. तिने फोन केला असता, तरी त्या नोंदीखाली मी न वाचता सही केली असती.