राखेतलं वालाचं बी
काल किचनमधला जुना डबा उघडला आणि राखेचा वास आला. आमच्या हिने जाण्याआधी गावच्या वालाचं मूठभर बी त्यात राखेत ठेवलं होतं. मी ते सगळं तेव्हाच कॅनडाला निघालेल्या लेकीला देऊन टाकलं होतं. "बाबा, इथे सगळे मेमध्येच पेरतायत," ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली. "पेरू देत. वाल पाऊस सरल्यावरच लावायचा," मी मीरा रोडच्या गॅलरीत बसून ठणकावलं. तिने ऐकलं. सप्टेंबरात लावलेल्या वालाला जेमतेम दोन-दोन पानं फुटली आणि हिम पडलं त्या पहिल्याच पहाटे सगळी रोपं काळी पडली. तिने फोन फिरवून दाखवली. "बाबा, आईचं अजून थोडं बी असेल का?" नाही हे ठाऊक असूनही मी "बघतो" म्हणालो आणि राखेत बोटं फिरवत राहिलो. कालही फिरवली.